बोटीचं ग्रीस

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. विसरलो असं एक दिवसही झालं नाही. गावात कुणी विमानाचा विषय काढला की मी उठून वाडीत जायचो, पंप चालू राहिला असेल असं काहीतरी पुटपुटत. बायकोला अर्धी ठाऊक आहे. पूर्ण सांगितली ती एका फादरना, पापनिवेदनाच्या वेळी. त्यांनी ऐकून घेऊन जे करायला सांगितलं, ते मी केलं नाही.

आता मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. ज्याला हे सांगायचं होतं तो माणूस या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेला. तो वैमानिक होता. तो उतरवत असलेल्या छोट्या खाजगी विमानाचं पुढचं चाक दुमडलं, आणि चौकशीत दोष त्याच्या नावावर लागला. त्या चाकाची देखभाल माझ्याकडे होती. चाक का दुमडलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी वसईतल्या सांडोर गावचा. आमची केळीची आणि भाजीची वाडी. भाऊ वाडीत राहिला, मी विमानदुरुस्ती शिकून लायसन काढलं. गावात त्याचं कौतुक होतं आणि चेष्टाही होती. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास विचारायचं, "काय रे, तुझं विमान पंक्चर झालं की कुठं काढतोस?" मी म्हणायचो, "तुझ्याच सायकलवाल्याकडे."

नोकरीची शेवटची वर्षं मी मुंबईतल्या समुद्राजवळच्या एका लहान विमानतळावर काढली. एका व्यावसायिकाचं चार माणसांचं, एका इंजिनाचं विमान होतं. त्याची देखभाल मी करायचो, हाताखाली दोन तंत्रज्ञ होते. विमान ठीक आहे असं लिहून खाली सही करायची ती माझी.

या विमानाची तिन्ही चाकं उडाल्यावर पोटात दुमडून जायची. पंखांखाली दोन, नाकाखाली एक. उतरायच्या आधी वैमानिक एक दांडा खाली करतो, चाकं बाहेर येतात आणि शेवटी प्रत्येक चाकाचा खटका बसतो. खटका बसला की समोर त्या चाकाचा हिरवा दिवा लागतो. तीन हिरवे दिवे दिसले की उतरायचं. नाकाखालचं चाक मागे दुमडलेलं असायचं, म्हणजे बाहेर येताना त्याला समोरच्या वाऱ्याविरुद्ध पुढे यावं लागायचं. चाकं हलवणारा पंप बंद पडला तरी ती आपल्या वजनानं खाली पडावीत म्हणून दुसरा एक दांडा खेचून धरायची वेगळी सोय होती. पण त्यासाठी सांधे मोकळे हवेत. सांधे मोकळे ठेवण्यासाठी ग्रीस.

वैमानिकही वसईचाच. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आमच्यापासून दोन गावं पलीकडचा. विमानतळावर सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, मीही. तो मला उस्ताद म्हणायचा. त्याच्याकडे गाडी होती, आणि आमच्या वेळा जुळल्या की तो मला सोबत घेऊन यायचा. वसईचा पूल ओलांडला की आपोआप दोघंही घरच्या बोलीत बोलायला लागायचो. ती बोली इथं लिहीत नाही, बाहेरच्याला कळायची नाही. बोलायचो तरी काय, वाडीला पाणी किती, कुणाच्या लग्नात जेवण कसं होतं, कुणाचा मुलगा परदेशी गेला. विमानाबद्दल तो फक्त एक प्रश्न विचारायचा, "उस्ताद, काही सांगण्यासारखं?" काही असलं तर मी सांगायचो. एकदा नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा अधूनमधून लागत नव्हता. मी बल्ब बदलला, आणि हेही त्याला सांगितलं.

आता ग्रीसचं.

आमचं हँगर समुद्रापासून जवळ होतं. लोखंडावर खारी हवा काय करते ते वसईच्या माणसाला सांगावं लागत नाही. विमानाच्या पुस्तकात ज्या ग्रीसचं नाव दिलेलं होतं ते चांगलं होतं, पण पावसाळा संपेपर्यंत नाकाच्या चाकाच्या सांध्यात ते उरायचं नाही. दोन वर्षं लागोपाठ मला तिथं गंज सापडला. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या मोठ्या तपासणीच्या वेळी त्या ग्रीसचा डबा संपत आला होता. नवा मागवला होता, यायला वेळ होता.

माझा मेहुणा पाचूबंदरला मासेमारीच्या बोटीवर. त्या आठवड्यात मी आणि बायको त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. बंदरात, घरासमोरच त्याची बोट ओढून ठेवलेली, आणि तो जाळं ओढायच्या विंचला ग्रीस लावत होता. पिवळसर, घट्ट, बोटाला लावलं तर धुतलं तरी न निघणारं. मी विचारलं, "हे किती दिवस टिकतं?"

"सा महिने खाऱ्या पान्यात ठेवा, दाजी. हलनार नाय."

"थोडं मला देतोस?"

"कशाला? वाडीतल्या पंपाला?"

मी म्हटलं, विमानाला. तो हातातला चिंध्यांचा बोळा खाली ठेवून हसायला लागला. शेजारच्या बोटीवरच्या माणसाला ओरडून म्हणाला, "ऐकलंस काय रं, आमच्या दाजींच्या इमानाला बोटीचं ग्रीस पायजे!" मग माझ्याकडे वळून, "जाली पन नेवा एक. वर पापलेट घावली तर अर्धी माजी."

माझी बायको घरातून म्हणाली, "त्यांना चिडवू नको रे." तीही हसत होती.

त्यानं एका रिकाम्या लोणच्याच्या बरणीत ग्रीस भरून दिलं. मी ते नेलं आणि नाकाच्या चाकाच्या सांध्यांना लावलं. डबा संपत आला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. थांबलो असतो तर आठ-दहा दिवसांत डबा आला असता. मला वाटलं होतं, पुस्तक लिहिणारे लोक कोरड्या हवेतले, त्यांना आमची हवा काय कळणार. चाळीस वर्षं हे काम केलेला आणि जन्मापासून खाऱ्या वाऱ्यात राहिलेला माणूस मी, मला जास्त कळतं. विमान जॅकवर उचलून दहा वेळा चाकं आतबाहेर केली. नाकाचं चाक इतकं मऊ चाललं की हाताखालचा तंत्रज्ञ म्हणाला, "उस्ताद, हे तर लोण्यासारखं झालं." मी लॉगबुकात लिहिलं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वंगण केलं. खाली सही केली.

त्या संध्याकाळी कॅप्टननं गाडीत नेहमीप्रमाणे विचारलं, "काही सांगण्यासारखं?"

मी म्हटलं, "काही नाही. नवं केल्यासारखं आहे."

दोनेक महिने काही झालं नाही. जानेवारीत मालकाला उत्तरेत कुठंतरी सोडून कॅप्टन तिथं चार दिवस थांबला होता. धावपट्टी कच्ची, धुळीची, आणि थंडी. हे त्यानं मला नंतर सांगितलं. रविवारी सकाळी तो एकटाच विमान घेऊन परत निघाला. उंचावरून आला, म्हणजे तीनेक तास चाकं गारठ्यात दुमडलेली होती. बोटीचं ग्रीस आमच्या समुद्राच्या उबेसाठी बनवलेलं. त्या थंडीत ते मेणासारखं झालं असणार, आणि त्यात धूळ बसलेली. धुळीचं नंतर कळलं, पण गोठलेल्या ग्रीसचं मला आज लिहिताना सुचलेलं नाही, त्याच दिवशी साडेअकरा वाजता कळलं होतं.

साडेअकरा वाजता मी वाडीत होतो. मिस्सावरून येऊन कपडे बदलले होते आणि केळीची सुकलेली पानं काढत होतो. वरून आवाज आला. बाकी विमानं जातात ती खूप उंचावरून. हे खाली होतं, आणि आवाज माझ्या ओळखीचा होता. कोयता हातात तसाच धरून मी मोकळ्यावर आलो. विमान किनाऱ्यालगत अर्नाळ्याकडे गेलं, वळलं, पुन्हा वसईकडे आलं. मागची दोन चाकं बाहेर लोंबत होती. पुढचं मला नीट दिसलं नाही. डोळ्यांवर हात धरून पाहिलं तरी दिसलं नाही.

भाऊ म्हणाला, "तुमचंच काय?"

"हो."

"मग इथं काय करतंय?"

मी उत्तर देण्याआधी फोन वाजला. हँगरमधला सुपरवायझर होता. तो माझ्याहून बराच तरुण, नेहमी मस्करी करणारा, पण आज आवाज वेगळा होता.

"उस्ताद, तुमचं पाखरू तुमच्याच बाजूला घिरट्या घालतंय, टॉवरने तिकडे थांबवलंय. नोजचा हिरवा लागत नाय. दोन लागले, तिसरा नाय. कॅप्टनने इमर्जन्सीवालं पण करून बघितलं."

"टॉवरनं बघितलं का खालून?"

"मघाशी एक फेरा मारला टॉवरसमोरून. ते बोलतात चाक खाली दिसतंय. पण लॉक आहे की नाय ते कसं कळणार? कॅप्टन तुम्हालाच विचारतोय. टॉवर माझ्याशी लाइनवर आहे. तो विचारतोय, नोजला हल्ली काय वेगळं केलं होतं का? ग्रीसबिस, काय पण?"

विमान माझ्या डोक्यावरून जात होतं. फोनवरचा प्रश्न त्यातल्या माणसाकडून आला होता. मला काय सांगायला हवं होतं ते मला लख्ख ठाऊक होतं. म्हणायचं होतं: घट्ट ग्रीस आहे, थंडीनं गोठलंय. खाली उबेतच तासभर फिरा. इंधन असेपर्यंत उतरू नका. मग विमान जितकं हळू करता येईल तितकं हळू करा, म्हणजे वारा चाकाला मागे दाबणार नाही, आणि शेपटी डावीउजवीकडे झटका. खटका बसेल. बसला नाही तर निदान चाक दुमडणार हे धरून उतरा.

एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हटलं, "वेगळं काही नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे आहे."

"पक्का?"

"पक्का. तो बल्ब मागेही त्रास देत होता. टॉवरला चाक खाली दिसतंय ना? मग दिव्याचा दोष असेल."

"ओके उस्ताद, सांगतो त्याला."

फोन बंद झाला. विमानानं आणखी एक फेरा घेतला आणि दक्षिणेकडे निघून गेलं. भावानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, बल्ब गेलाय. कोयता त्याच्या हातात दिला, शर्ट घातला आणि निघालो.

मी पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. कॅप्टननं विमान हळुवार टेकवलं होतं. मागच्या चाकांवर बराच वेळ धावलं, नाक त्यानं वर धरून ठेवलं होतं. पण वेग कमी झाला की नाक खाली येणारच. ते खाली आलं आणि चाक मागे दुमडलं. इंजिनाचा फिरता पंखा जमिनीला लागला, विमान गरकन फिरून धावपट्टीच्या कडेच्या चरात गेलं. कॅप्टनच्या पाठीच्या मणक्याला मार बसला. रुग्णालयात नेलं होतं. मी गेलो तेव्हा धावपट्टीवर तो नव्हता, त्याचा एक बूट होता.

टॉवरच्या लोकांनी फोटो काढून घेतले होते. धावपट्टी मोकळी करायची होती, म्हणून परवानगी घेऊन क्रेननं विमान उचललं आणि हँगरमध्ये आणलं. चौकशीचे अधिकारी दुसऱ्या दिवशी येणार होते. सुपरवायझर फोनवर, दोघं तंत्रज्ञ चरातले तुकडे गोळा करायला गेलेले. मी नाकाखाली बसलो. चाकाचा पाय मोडला नव्हता, नुसता दुमडला होता. सांध्यात बोट घातलं. ग्रीस घट्ट, काळं, आत वाळू. नखात बसलं.

आमच्या कामात हातातला बोळा कधी सुटत नाही. भाग उघडला की आधी पुसायचा, बंद करताना पुन्हा पुसायचा. शिकायला येणाऱ्याला पहिलं हेच शिकवतात. म्हणून मी रॉकेलचा डबा घेतला आणि एकेक सांधा धुऊन काढला, तेव्हा समोरून दोन-तीन माणसं गेली आणि कुणालाही ते वावगं वाटलं नाही. एकानं तर विचारलं, "चहा आणू का उस्ताद?" मी हो म्हटलं. कपाटात नव्या ग्रीसचा डबा होता, केव्हाच आलेला. त्यातलं ग्रीस भरलं. बोळे कचऱ्याच्या पिंपात टाकले नाहीत, पिशवीतून घरी आणले आणि वाडीत पाचोळ्याबरोबर जाळले.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी विमान जॅकवर घेतलं, दुमडलेला पाय सोडवला आणि यंत्रणा चालवून पाहिली. चाक सरळ खाली आलं, खटका बसला, हिरवा दिवा लागला. बल्बही चांगला होता. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच. मी लॉगबुक दाखवलं. मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. 

अहवाल बऱ्याच महिन्यांनी आला. त्यातल्या शब्दांचा अर्थ असा, की यंत्रणेत दोष आढळला नाही, वैमानिकानं आपत्कालीन रीत पूर्ण केली नाही, वेग पुरेसा कमी न करता घाईनं उतरायचा निर्णय घेतला. मालकानं त्याला नम्रपणे नोकरी सोडून द्यायला सांगितलं. पाठीमुळे वैद्यकीय तपासणीत तो तसाही बसला नसता, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. पण पाठीला मार बसला तोही त्याच चाकामुळे, हे सांगताना मी तिथंच थांबायचो.

अहवालाआधी एकदा तो माझ्या घरी आला होता. रिक्षातून. कमरेला पट्टा, हातात काठी. पडवीत बसला. बायकोनं चहा आणि केळ्याची भजी ठेवली. त्यानं भज्यांना हात लावला नाही. वाडीकडे बघत म्हणाला, "उस्ताद, तुम्ही तर हजार वेळा चाकं खालीवर केलीत. मला एवढं सांगा, माझं चुकलं कुठं?"

मी म्हटलं, "कॅप्टन, आता कशाला ते?"

"नाही, सांगा. मी वेग किती ठेवला होता ते मला आठवत नाही. त्यांनी विचारलं, मला आठवेना. मी दांडा खेचून पुरेसा वेळ थांबलो का, तेही आठवत नाही. मला वाटतं थांबलो. पण मग चाक का नाही बसलं? तुमचं काम तर चोख होतं."

बायको दारात उभी होती. तिला बरणी आठवत होती, मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती आत गेली.

मी म्हटलं, "होतं असं कधीकधी. यंत्र आहे. विसरून जा."

"म्हणजे माझंच." तो म्हणाला. त्यानं ते विचारलं नव्हतं. आणि मी नाही म्हटलं नाही.

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, "ते ग्रीस त्याच चाकाला लावलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"लायसन जाईल. केस होईल. या वयात."

 त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही, पण पाचूबंदरला भावाकडे जायचं झालं की मला सोबत चल म्हणणंही सोडलं. मेहुण्याला काही माहीत नाही. तो अजून मला मधूनमधून विचारतो, "काय दाजी, पापलेट घावली का?"

गावांतून बोललं जायचं ते माझ्या कानावर यायचं. "विमान पाडलं त्यानं." पाडलं नव्हतं, पण लोक असंच बोलतात. लग्नात, सणाला कुणीतरी त्याला विचारायचं, "काय कॅप्टन, आता कुठलं विमान?" तो हसायचा. मग लग्नांना जायचा बंद झाला. गाडी विकली. पाठ बरी झाली होती, गाडी चालवता आली असती. पण त्याच्या बायकोनं मला सांगितलं, "भाऊ, हात स्टिअरिंगवर ठेवतात आणि तसेच बसून राहतात. म्हणतात, माझा अंदाज चुकतो."

त्याच्या मुलीला वैमानिक व्हायचं होतं. परीक्षा दिली होती, प्रशिक्षणाला प्रवेशही मिळत होता. त्यानं नाही म्हटलं. घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि शेवटी त्याच्या बायकोनं मला फोन केला. "तुमचं ते ऐकतील. तुम्ही येऊन समजवा."

त्या वर्षीच्या उपवासकाळात, हा फोन यायच्या थोडं आधी, मी फादरना सांगितलं होतं. फादर तरुण होते, आमच्या गावात नवे. ते म्हणाले, "देवाची क्षमा मागताय ती ठीक. पण ज्याच्यावर हे लादलं आहे त्याला जाऊन सांगा. ते तुमच्या वतीनं मी करू शकत नाही." मी हो म्हणून उठलो होतो. म्हणून फोन आला तेव्हा वाटलं, रस्ता आपोआप निघाला. त्या दिवशी पायीच गेलो. वाटेत वाक्यं जुळवत गेलो.

तो ओट्यावर बसला होता. मुलगी आत होती, दार लोटलेलं. मी म्हटलं, "पोरीला जाऊ द्या, कॅप्टन."

"नाही हो. माझंच रक्त आहे. ऐन वेळी घाई करणारं." त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगतो, सगळ्यांनी मला नावं ठेवली. समोर नाही, पण ठेवली. तुम्ही एकटे असे आहात की कधी एक शब्द बोलला नाहीत. हे मी घरात सांगत असतो."

मी आणलेली वाक्यं तिथंच राहिली. मी म्हटलं, "तुमचं रक्त वाईट नाही." एवढंच. मुलगी दाराआड ऐकत होती, मला तिचे पाय दिसत होते. तिनं नंतर दुसरं शिक्षण घेतलं. आता विरारला एका कार्यालयात नोकरी करते. चांगली नोकरी आहे. मला भेटली की वाकून विचारपूस करते, काका, तब्येत कशी आहे म्हणते. तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटतं.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी निवृत्त झालो, वाडीत रमलो असं लोकांना वाटायचं. लायसन कपाटात पडलं होतं, आता त्याच्यावर कुणी हात टाकणार नव्हतं, तरी मी गेलो नाही. भीतीला कारण उरलं नाही तेव्हा लाज उरली. आधी उशीर झाला म्हणून सांगितलं नाही, आणि मग इतका उशीर का केला हे कसं सांगू म्हणून सांगितलं नाही.

या वर्षी तो आजारी पडला. यकृताचं होतं, उशिरा कळलं. रुग्णालयातून घरी आणलं, म्हणजे सगळ्यांना समजलं होतं. मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. आतल्या खोलीत बायका रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या, त्या संपवून चहाला बाहेर गेल्या. आम्ही दोघंच राहिलो. तो खूप वाळला होता. मला ओळखलं.

मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "कॅप्टन, ते नाकाचं चाक."

त्यानं चादरीवरचा हात थोडा वर केला, थांबा म्हणाल्यासारखा. हसलाही असेल. म्हणाला, "सोडा उस्ताद. त्यात काही उरलं नाही आता. मी स्वतःला माफ केलंय."

मी तोंड उघडलं होतं. त्याची बायको पाणी घेऊन आत आली. तिनं त्याचं डोकं उचललं, तो दोन घोट प्यायला. मग झोप लागली. मी तासभर तिथं बसलो. उठताना त्याच्या बायकोनं विचारलं, "काही बोलायचं होतं का, भाऊ?" मी म्हटलं, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चर्चची घंटा वाजली.

शवपेटीला खांदा द्यायला मला पुढे बोलावलं. दिला.

हा कागद आधी त्याच्या बायकोला आणि मुलीला देणार आहे. मग ज्या खात्यानं चौकशी केली होती त्यांना. बारा वर्षांनी ते काय करतील मला माहीत नाही, काहीही करोत. लॉगबुकातली ती ओळ खोटी आहे आणि खालची सही माझी आहे. अहवालात वैमानिकाबद्दल जे लिहिलं आहे ते माझ्या उत्तरांवरून लिहिलं आहे, ते खोडलं पाहिजे.

त्या दुपारी त्याच्या बायकोनं पाणी आणलं नसतं तर मी जे बोललो असतो, ते असं होतं. बोललो असतो की नाही याची आज शपथ घेता येत नाही, पण वाक्यं तयार होती.

कॅप्टन, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही दांडा खेचलात, पुरेसा वेळ थांबलात, नाक शेवटपर्यंत वर धरलंत. चाक बसलं नाही कारण मी त्याला बोटीचं ग्रीस लावलं होतं. तुम्ही आकाशातून विचारलंत तेव्हा मी वाडीत उभा राहून तुमच्याकडे बघत खोटं बोललो. मग ते पुसून टाकलं. तुम्ही माझ्या पडवीत बसून विचारलंत, तेव्हाही बोललो नाही. तुम्ही स्वतःला माफ करायची काही गरज नव्हती. मला माफ करा.